शाळेला निघण्यापूर्वी दोन मिनिटे सायकलसाठी

सायकल चालते ना, मग झालं, असं आपण म्हणतो. पण ती वेळेवर थांबतेही का? मुलांना रोज तीन गोष्टी तपासायला शिकवा.

हवा : टायर अंगठ्याने दाबून पाहा. सहज दबला तर हवा भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते.

ब्रेक : दाबल्यावर दांडी मुठीला टेकता कामा नये. रबर झिजले असेल तर लगेच बदला. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थोडा आधीच दाबायला सांगा.

चेन : फडक्याने पुसून मगच तेल सोडा. रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक धरत नाही.

ही तपासणी मुलांनाच करू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.