मोटारीच्या इंजिनातील ‘मिसिंग’चे निदान : आगमनात्मक तर्कपद्धतीचे एक उपयोजन

प्रस्तावना :
मोटार उभी असताना इंजिन अनियमितपणे थरथरणे आणि वेग घेताना गाडीने झटके देणे, ही लक्षणे अनेक वाहनधारकांच्या परिचयाची आहेत. गॅरेजमधील कारागीर या दोषास ‘मिसिंग’ म्हणतात, तर तांत्रिक परिभाषेत त्यास ‘मिसफायर’ म्हटले जाते. पुष्कळदा प्रथम प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर असे एकेक भाग बदलून उपाय केला जातो. दोष नाहीसा झाला तरी त्याचे कारण कळत नाही आणि न झाल्यास खर्च वाया जातो. वस्तुतः येथे प्रश्न दुरुस्तीचा नसून कारणमीमांसेचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात कारणसंबंध शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्या पद्धती या दोषाच्या निदानास कशा लागू पडतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेले, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे.

दोषाचे स्वरूप :
चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. मिनिटाला ८०० फेऱ्या ही संथ गती धरल्यास चार सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला १६०० वेळा ज्वलन व्हावयास हवे. त्यांतील काही ज्वलने हुकली की शाफ्टची गती क्षणभर मंदावते. शाफ्टवरील सेन्सर ही मंदावणूक टिपतो आणि नियंत्रक संगणक दोषसंकेत नोंदवितो. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ हे संकेत अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे असून ‘पी ०३००’ हा अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरमधील दोषाचा संकेत होय. ज्वलन कोठे हुकले हे संकेत सांगतो; का हुकले हे सांगत नाही. ज्वलनासाठी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा व इंधन आणि पुरेसा दाब या तिन्हींची आवश्यकता असते. यांपैकी कशाची उणीव आहे, हे शोधणे म्हणजेच निदान.

अन्वय पद्धती :
दोष सर्व सिलिंडरमध्ये आढळत असेल, तर त्या सर्वांना समान असलेल्या घटकाकडे प्रथम पाहावे. इंधनपंपाचा अपुरा दाब, भेसळयुक्त इंधन अथवा हवेची गळती ही अशी समान कारणे होत. दोष एकाच सिलिंडरपुरता असेल, तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा झडपा यांवर संशय घ्यावा.

व्यतिरेक पद्धती :
‘पी ०३०२’ हा संकेत मिळाल्यास इंजिन बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. अन्य सर्व परिस्थिती तीच राहून केवळ एक घटक बदलतो. यानंतर ‘पी ०३०३’ आल्यास दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच सदोष आहे. दोष जागीच राहिल्यास हीच कृती प्लगबाबत करावी. एका वेळी एकच घटक बदलणे हे या पद्धतीचे मर्म आहे. अदलाबदलीनंतर दोष कोठेच आढळला नाही, तर कॉइल निर्दोष ठरत नाही वा सदोषही ठरत नाही. काढता-घालताना सैल जोडणी घट्ट बसली असण्याचा संभव असतो.

सहपरिवर्तन पद्धती :
कारणात फरक पडला की कार्यातही त्या प्रमाणात फरक पडतो. आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे नळी फुटलेली असेल, तर न मोजलेली हवा इंजिनात शिरते. संथ गतीत एकूण हवा थोडी असल्याने या गळतीचा वाटा मोठा ठरतो. संगणक इंधन वाढवून ही उणीव भरून काढू पाहतो. ही वाढ संथ गतीत बरीच आणि २५०० फेऱ्यांवर नगण्य असेल, तर गळतीचा संशय बळावतो. याउलट इंजिनावरील भार वाढताच ही वाढ अधिक होत असेल, तर पंप किंवा इंधन-फिल्टर तपासावा. दोष केवळ पावसाळी दमट हवेत उद्भवत असेल, तर उच्च दाबाच्या विजेची गळती संभवते.

अवशेष पद्धती :
ठिणगी व इंधन यांबाबत शंका उरली नाही, तर दाब हाच घटक शिल्लक राहतो. दाबमापकाने मोजणी करताना एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आढळल्यास त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. न वाढल्यास झडपांकडे लक्ष द्यावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत झडपांच्या बैठकी झिजण्याचा संभव अधिक असल्याने ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. हुकलेल्या ज्वलनाची नोंदच नसेल आणि तरीही गाडी थरथरत असेल, तर इंजिनाखालचे रबरी आधार पाहावेत.

मर्यादा :
एकाच कार्याची अनेक कारणे असू शकतात, हे मिल यांनीही मान्य केले आहे. झिजलेल्या प्लगमधील वाढलेल्या फटीमुळे कॉइलवर ताण येऊन ती निकामी होते. अशा वेळी केवळ कॉइल बदलल्यास नवीन कॉइलही कालांतराने खराब होते. तसेच इंजिन तापल्यावरच उद्भवणारा दोष थंड इंजिनाच्या तपासणीत सापडत नाही.

निष्कर्ष :
१. दोषसंकेत हे निरीक्षण आहे, निष्कर्ष नव्हे.
२. चाचणीविना भाग बदलणे म्हणजे गृहीतक न तपासता स्वीकारणे होय.
३. निदानातील दिरंगाई महाग पडते. न जळलेले इंधन व हवा धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेट घेतात आणि अतिउष्णतेने त्याचा अंतर्भाग वितळू शकतो. इंजिनाचा इशारा-दिवा लुकलुकू लागणे ही याच धोक्याची सूचना असते. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर थांबवावी. कन्व्हर्टर निकामी झाल्यास प्रदूषणाचा भार संपूर्ण समाजावर पडतो.
४. तर्कशास्त्राच्या अध्यापनात हे उदाहरण उपयुक्त ठरेल. कारण येथे प्रत्येक अनुमान सत्य की असत्य, हे इंजिन सुरू करताच तपासता येते.