पंप फिरतोय, पाणी कुठंय?

‘स्टॉर्मवर्क्स : बिल्ड अँड रेस्क्यू’ हा बचावनौका स्वतः बांधून वादळी समुद्रात सोडायचा खेळ. 2020 मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला. त्यात तयार इंजिनंही मिळतात, पण सिलिंडर, क्रँकशाफ्ट, मॅनिफोल्ड एकेक जोडून इंजिन उभं करायची मला खाज. तेव्हा ते गार ठेवणंही माझ्याच गळ्यात.

माझी मांडणी अशी : इंजिनातलं पाणी बंद नळ्यांतून फिरणार, समुद्राचं पाणी दुसऱ्या वाटेनं आत येऊन परत बाहेर जाणार. दोघांची गाठ हीट एक्स्चेंजरमध्ये. तिथं पाणी मिसळत नाही, फक्त उष्णता हात बदलते.

बोट धक्क्याला उभी असतानाच तापमानाचा काटा चढला. पंप तर फिरत होता. तासभर मी पंपालाच बोल लावला, उलटासुलटा करून पाहिला. दोष नळ्यांत होता. नव्या बोटीच्या नळ्यांत पाणी नसतं, हवा असते, आणि माझा पंप इमानेइतबारे ती हवा गरागरा फिरवत होता. पाण्यानं भरलेली छोटी टाकी त्या फेऱ्यात बसवली, काटा उतरला.

खरी गंमत पुढेच. धक्क्याला गार राहणारं इंजिन भर समुद्रात, पूर्ण वेग दिला की तापायचं. वेग कमी केला की पुन्हा शांत. जास्त काम, जास्त उष्णता, असं म्हणून मी दुसरा एक्स्चेंजर लावला. काडीचा फरक नाही. हर्णैला मासेमारीच्या होड्यांच्या कुशीतून पडणारी, इंजिन गार करून आलेल्या पाण्याची धार कितीदा पाहिली होती, ती तेव्हा आठवली. माझ्या बोटीची धार पाहिलीच नव्हती!

समुद्राच्या पाण्याच्या वाटेवर प्रवाहमापक बसवला आणि वेग दिला. आधी प्रवाह शून्य झाला, काटा नंतर चढला. कारण उघड होतं : वेगात बोटीचं नाक वर उचललं जायचं, आणि पाणी ओढायचं तोंड मी नाकाजवळच ठेवलं होतं. ते पाण्याबाहेर यायचं आणि हवा ओढायचं.

तोंड मागे, तळाशी नेलं. दुसरा एक्स्चेंजर काढून टाकला. आता पूर्ण वेगातही काटा जागचा हलत नाही. तुमचं इंजिन तापत असेल, तर पंप खोलण्याआधी बाहेरची धार बघा.