गाठ पोटातली, दुखणं हृदयाचं

चाळिशीतल्या बाईला जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, एखाद्या दिवशी चक्कर येऊन ती कोसळते. टू-डी इको केल्यावर हृदयाच्या उजव्या कर्णिकेत काहीतरी लांबुळकं हलताना दिसतं. पहिला संशय जातो रक्ताच्या गुठळीवर, नाहीतर मिक्सोमा या हृदयातच वाढणाऱ्या गाठीवर. गर्भाशयाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

‘इंट्राव्हेनस लिओमायोमॅटोसिस’ हा तो दुर्मीळ आजार. गर्भाशयाच्या स्नायूंची साधी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांमध्ये तयार झालेली असते. कित्येकींना तिचा पत्ताही नसतो. मोजक्या जणींमध्ये मात्र तशाच स्नायूपेशींची वाढ शिरेच्या आत सुरू होते. बिर्च-हिर्शफेल्ड यांनी १८९६ मध्ये असं उदाहरण नोंदवलं आणि १९०७ मध्ये ड्यूर्क यांना ही वाढ थेट हृदयात पोहोचलेली आढळली. फायब्रॉइडच शिरेत घुसतो की शिरेच्या भिंतीतले स्नायू वाढू लागतात, यावर तेव्हापासून दोन मतं आहेत.

वाट मात्र ठरलेली. गर्भाशयाच्या शिरेतून ओटीपोटातल्या मोठ्या शिरांत, तिथून अधोमहाशिरेत आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर उजव्या कर्णिकेत. कधी ती झडप ओलांडून जवनिकेत, तर कधी फुफ्फुसाच्या धमनीतही शिरते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी निरुपद्रवी दिसतात. पण गाठ झडपेच्या तोंडाशी अडकली, तर जीव जाऊ शकतो.

निदानाचा धागा बहुधा जुन्या ऑपरेशनमध्ये असतो. अनेक रुग्णांची काही वर्षांपूर्वी पिशवी काढलेली असते किंवा फायब्रॉइड काढलेले असतात. हृदयाच्या डॉक्टरांना ते सांगायला हवं, हे कुणाला सुचणार? गुठळी समजून रक्त पातळ करण्याची औषधं दिली, तर ही गाठ विरघळत नाही. ओटीपोटापासून छातीपर्यंत सीटी किंवा एमआरआय केला, की एकसंध पट्टा दिसतो.

उपाय एकच, शस्त्रक्रिया. हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आणि स्त्रीरोगाचे सर्जन मिळून ती करतात. अनेकदा हार्ट-लंग मशीन लागतं. गाठ बहुतेक वेळा शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते. त्यामुळे ती अलगद ओढली की पांढुरकी, गुळगुळीत, पडवळासारखी लांब बाहेर येते. तिच्या वाढीला इस्ट्रोजेनचं खतपाणी मिळतं, म्हणून अंडाशयंही बरेचदा काढतात. तुकडा मागे राहिला तर ती पुन्हा वाढू शकते. त्यासाठी पुढे अनेक वर्षं स्कॅन करत राहावे लागतात.