मुक्या यंत्राचा भरंवसा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवची यात्रा चैत्रांत भरते. देवळाच्या महाद्वाराशीं तपासणी करण्यासाठीं आम्हां स्वयंसेवकांस हातांत धरावयाचीं चार धातुशोधक यंत्रें मिळालीं होतीं. मेटल डिटेक्टर या नांवानें आपण तीं ओळखतां. शाळेंत विज्ञान शिकविलेला माणूस म्हणून त्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्याचें काम माझ्याकडे आलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक गृहस्थ आंत गेले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. परंतु त्यावरून फिरलेलें यंत्र गप्पच राहिलें. त्यावरील बारीक दिवा मिणमिणत होता, म्हणून तें चालू आहे अशी दारावरच्या मुलाची समजूत होती. तें केव्हांपासून मुकें झालें होतें आणि तेवढ्या वेळांत किती माणसें आंत गेलीं, हें कोणालाच सांगतां येईना. दैवयोगानें अनर्थ कांहीं झाला नाहीं. चूक मात्र सर्वस्वीं माझी होती. आजचें भाषण हें त्या चुकीचें प्रायश्चित्त समजा.

प्रथम यंत्र कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं. त्याच्या पुढच्या भागांत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा बदलणारा प्रवाह खेळविला म्हणजे भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. जवळ धातु आला कीं त्यांतही प्रवाहाचे भोंवरे उठतात, त्यांचें उलट क्षेत्र यंत्रास जाणवतें, आणि यंत्र ओरडतें. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील गोळी शोधण्यासाठीं असेंच एक यंत्र योजिलें होतें. गोळी सांपडली नाहीं; पलंगाच्या गादींतील पोलादी तारांनीं घोटाळा केला असें सांगतात. सांगण्याचा मुद्दा एवढाच कीं, यंत्राचें मौन आणि त्याचें बोलणें या दोहोंचाही अर्थ तपासूनच लावावा लागतो. बॅटरीचा दाब उतरला कीं साध्या यंत्राचा पल्ला आंखूड होतो आणि अखेर तें मुकें होतें. मुकेपणाला मग आपण निर्धोकपणा समजतों.

आतां बॅटरीकडे वळूं. हातांतील पुष्कळ यंत्रांत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते. साध्या, एकदांच वापरावयाच्या बॅटरींत दीड व्होल्टचे सहा सेल असतात. सहा दिडे नऊ. पुन्हां पुन्हां चार्ज करावयाच्या बॅटरींत बहुधा निकेल-हायड्राइड जातीचे सेल असतात व त्या प्रत्येकाचा दाब १.२ व्होल्टच असतो. असे सात सेल जोडले म्हणजे बेरीज ८.४ होते. बाहेर नांव नऊचें, आंत माल साडेआठाहूनही कमी.

येथें माझी पहिली चूक झाली. साधा सेल वृद्ध माणसाप्रमाणें हळूहळू थकतो. त्याचा दाब उतरत जातो आणि सूचक दिवा वेळीं इशारा देतो. हायड्राइडचा सेल मात्र दिवसभर एकाच चालीनें ओढणाऱ्या आणि मग एकाएकीं बसकण मारणाऱ्या बैलासारखा आहे. साध्या सेलांच्या हिशेबानें बसविलेला सूचक त्याच्या बाबतींत फार उशिरां जागा होतो. मी त्या दिव्यावर विसंबलों.

दुसरी चूक याहून मोठी. मीं फाल्गुनांतच सर्व बॅटऱ्या चार्ज केल्या आणि पत्र्याच्या खोलींत ठेवून दिल्या. वास्तविक सामान्य हायड्राइड बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याभरांत सुमारें पाव हिस्सा वीज गमावते, आणि उष्णतेनें ही गळती वाढते. रांजणाला बारीक भेग असावी, तसा हा प्रकार आहे. मंद गळतीचे सेल २००५ सालापासून बाजारांत आले आहेत. ते वर्षभरानेंही आपला बराच सांठा राखतात. परंतु कोणत्याही जातीची बॅटरी असो, कामाच्या आदल्या दिवशीं ती भरून घ्यावी आणि सांवलींत, गार जागीं ठेवावी, हा नियम सोडूं नये.

चार्ज किती वेळ करावी? हें एक साधें गणित आहे. बॅटरीवर २०० मिलिअँपिअर-तास असें लिहिलें आहे आणि साधा चार्जर २० मिलिअँपिअर प्रवाह देतो, असें समजा. भागाकार दहा तास येतो. परंतु दिलेली सर्व वीज सांठत नाहीं, कांहीं उष्णतेंत जाते. म्हणून चौदा ते सोळा तास धरावे. बॅटरी भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर मिळाल्यास उत्तम. बॅटरी भरत आल्यावर कोमट लागली तर चिंता नको; हाताला चटका बसूं लागला, तर चार्जर तत्काळ बंद करावा.

बॅटरी अगदीं निपटून काढणें हाही अपायच आहे. सातही सेल सारखे नसतात. सर्वांत दुबळा सेल आधीं रिता होतो, आणि उरलेले सहा त्याच्यांतून प्रवाह रेटतच राहतात. त्यामुळें तो कायमचा बिघडतो व सारी माळ निकामी होते. म्हणून काम संपतांच यंत्राचा खटका बंद करावा. पुष्कळ दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. सुटे सेल घालावयाच्या यंत्रांत जुने व नवे, किंवा दोन जातींचे सेल एकत्र करूं नयेत. खरेदीचा महिना सेलावर लिहून ठेवावा व एका जुळणींतले सेल नेहमीं एकत्रच वापरावे.

कित्येक जण सांगतात कीं प्रत्येक वेळीं बॅटरी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करावी. ही समजूत निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळांतील आहे. ती बॅटरी स्वीडनच्या युंगनर यांनीं १८९९ सालीं शोधून काढली. हल्लीं जमिनीवर फिरवावयाच्या मोठ्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी येते; ती विक्रीस आली १९९१ सालीं. तिला हा जुना नियम लावणें घातक आहे. तिला पार रिकामी करूं नये. दीर्घकाळ ठेवावयाची तर सुमारें अर्धी भरून गार जागीं ठेवावी. तिच्याच चार्जरनें चार्ज करावी. आणि ती फुगलेली दिसली तर वापर तेथेंच थांबवावा. तिला भोंसकणें किंवा आगींत टाकणें म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

बॅटरी ज्या पितळी पट्ट्यांना टेकते त्या कोरड्या कापडानें पुसाव्या. साधा अल्कलाइन सेल फुटून पांढरी बुकी जमली असेल, तर कापसाच्या बोळ्याला किंचित् व्हिनेगर लावून ती काढावी व जागा पुरती कोरडी करावी. ती बुकी दाहक असते, म्हणून बोटें सांभाळावीं. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये. २०२२ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आतां शेवटची आणि सर्वांत स्वस्त गोष्ट. त्या दिवसापासून आमच्या महाद्वाराशीं एका खुंटीवर लोखंडी किल्ली टांगलेली असते. पहारा बदलतांना, आणि मधल्या काळांत दर तासाला, प्रत्येक यंत्र तिच्यापासून चार बोटांवर धरावयाचें. यंत्र ओरडलें तर पुढच्या माणसास आंत सोडावयाचें. न ओरडलें तर दार थांबवून बॅटरी बदलावयाची. दिव्यावर विश्वास ठेवावयाचा नाहीं आणि माझ्या शब्दावरही नाहीं. पहिल्या वर्षीं या खोळंब्यानें रांगेंतील मंडळी कुरकुरलीं, आतां रांगेंतीलच एखादें पोर ओरडून विचारतें, "किल्ली दाखविली का?"

श्रोतेहो, देवळांत, शाळेंत वा सभामंडपांत जेथें असें यंत्र असेल, तेथें हा प्रश्न आपणही निःसंकोच विचारावा.