प्रश्न पुढच्या बॅचच्या हाती : कानपूरचा संगणकशास्त्र विभाग

संगणकशास्त्र विभाग म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे दोनच आकडे येतात, एक प्रवेशाच्या वेळचा जेईईतला क्रमांक आणि दुसरा चार वर्षांनंतरच्या नोकरीचे पॅकेज. या दोहोंच्या मधल्या काळात तिथे नेमके काय चालते, याची विचारपूस फारशी होत नाही. कानपूरच्या आयआयटीतील विभागाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे, कारण देशात संगणकाचे पद्धतशीर शिक्षण सर्वांत आधी सुरू करणाऱ्या संस्थांत कानपूरची गणना होतेच, शिवाय तिथल्या संशोधनाचे काही धागे शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे आणि एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे कसे गेले, हे छापील शोधनिबंधांतून स्पष्ट दिसते.

कानपूरची संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे होते, ज्यांनी त्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये अध्यापन केले होते आणि पवईच्या आयआयटीच्या उभारणीतही वाटा उचलला होता. १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या गटाने संस्थेला साहाय्य केले, आणि त्याच योजनेतून ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र कानपूरला पोहोचले. या यंत्राची एक गंमत अशी की त्याच्या मूळ आवृत्तीत बेरीज करणारे स्वतंत्र मंडल नव्हतेच. दोन अंकांची बेरीज ते स्मृतीत साठवलेल्या कोष्टकात पाहून सांगत असे, पाढे पाठ नसलेल्या मुलाने उजळणीचे पुस्तक उघडावे तसे. एनिॲक आणि पायलट एस या दोन्ही आद्य संगणकांवर काम केलेले हॅरी हस्की सुरुवातीच्या शिक्षणासाठी अमेरिकेहून आले, आणि पुढे व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांनी फोर्ट्रान या भाषेतील आज्ञावली-लेखनाचे अभ्यासक्रम रुजवले. राजारामन यांचे वर्गातल्या टिपणांतून तयार झालेले स्वस्त पाठ्यपुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत पोहोचले. या विषयाच्या प्रसाराला अशा पुस्तकांनी जेवढा हातभार लावला, तेवढा महागड्या यंत्रांनीही लावला नसेल.

यंत्र १९६३ मध्ये आले तरी स्वतंत्र विभाग १९८४ मध्ये झाला, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते. मधल्या काळात हा विषय प्रामुख्याने विद्युत अभियांत्रिकीच्या आश्रयाने वाढला. १९७१ मध्ये एमटेक आणि पीएचडीचा स्वतंत्र कार्यक्रम आणि १९७८ मध्ये बीटेक सुरू झाले. म्हणजे इमारत पायापासून न बांधता वरच्या मजल्यापासून बांधली गेली, आणि ते योग्यच झाले, कारण पदवीच्या मुलांना शिकवायला आधी संशोधन केलेले शिक्षक हवे असतात. बीटेकच्या पहिल्या तुकडीतून १९८३ मध्ये बाहेर पडलेले राजीव मोटवानी पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि सैद्धान्तिक संगणकशास्त्रातील मानाचे ग्योडेल पारितोषिक २००१ मध्ये मिळवणाऱ्यांत त्यांचा समावेश होता; विभागाची एक इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी आज्ञावली-लेखन शिकावे लागते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यापुढे तर्क आणि मोजणी यांचे गणित, माहितीची मांडणी म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स, प्रश्न सोडवण्याच्या पायरीपायरीच्या रीती म्हणजे अल्गोरिदम, माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलर, आणि कोणता प्रश्न संगणकाला सोडवता येतो, कोणता मुळीच येत नाही हे ठरवणारा गणनसिद्धान्त, एवढे सारे पार करावे लागते. यात नोकरीच्या जाहिरातीत झळकणाऱ्या तंत्रांची नावे कमी दिसतात, अशी तक्रार पालक करतात. परंतु ती तंत्रे पाच-दहा वर्षांत बदलतात आणि हा पाया मात्र टिकतो.

शेवटच्या टप्प्यातील प्रकल्प, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतला बीटीपी, पुष्कळ ठिकाणी उपचारापुरता उरतो. कानपूरला तो काय होऊ शकतो, याचे उदाहरण मूळ संख्यांच्या प्रश्नात सापडते. एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज जिला दुसरा विभाजक नसतो ती मूळ संख्या; पण शेकडो अंकांची संख्या मूळ आहे की नाही, हे एकेका संख्येने भागून पाहू लागले तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. फर्माच्या सिद्धान्तानुसार प मूळ असेल तर कोणत्याही पूर्णांकाच्या प-व्या घातातून तो पूर्णांक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला पने नि:शेष भाग जातो, मात्र याचा व्यत्यास खरा नाही, कारण ५६१ ही संख्या ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार असूनही या कसोटीला प्रत्येक वेळी उतरते. यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या वेगवान चाचण्या उपलब्ध होत्या, परंतु त्यांच्या निकालात चुकीची अतिसूक्ष्म शक्यता राहतेच. वेगवान, निश्चित आणि कोणत्याही असिद्ध गृहीतकावर न विसंबणारी चाचणी मिळत नव्हती.

सोमनाथ बिस्वास आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली कानपूरलाच पीएचडी केलेले मणींद्र अग्रवाल यांनी १९९९ मध्ये या प्रश्नाला वेगळे वळण दिले. त्यांनी फर्माची कसोटी संख्यांऐवजी बहुपदींवर, म्हणजे क्ष या चलाचे निरनिराळे घात असलेल्या राशींवर, लावली. तशी लावली असता ५६१ सारखे अपवाद उरत नाहीत, मात्र राशीचा विस्तार अवाढव्य होतो, म्हणून तिला एका लहान बहुपदीने भागून उरणारी बाकीच तपासायची. ती लहान बहुपदी किती लहान असली तरी चालेल, हा खरा पेच होता. २००१ मध्ये बीटेकच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात त्याविषयी एक अटकळ मांडली. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आपल्या प्रकल्पात ती एक हजार कोटीपर्यंतच्या संख्यांवर पडताळून पाहिली आणि पदवी मिळाल्यावर त्याच उन्हाळ्यात अग्रवाल यांच्याबरोबर काम चालू ठेवले. ऑगस्ट २००२ मध्ये तिघांचा नऊ पानांचा निबंध जगापुढे आला. त्यातील चाचणीला लागणारा वेळ संख्येच्या अंकसंख्येच्या एका ठरावीक घाताहून अधिक वाढत नाही, आणि निकालात शंकेला जागा राहत नाही. १९९९ ते २००२ या तीन वर्षांत हा प्रश्न एका पीएचडी मार्गदर्शकाच्या, त्याच्या माजी विद्यार्थ्याच्या आणि पदवीच्या दोन लागोपाठच्या तुकड्यांच्या हातून गेला होता. २००६ मध्ये या कामाला ग्योडेल आणि फुल्कर्सन अशी दोन्ही पारितोषिके मिळाली. गंमत अशी, की ती मूळची अटकळ मात्र बहुधा खोटी असावी असा अंदाज नंतर दोन नामवंत गणितज्ञांनी वर्तवला. सिद्धता तिच्यावर अवलंबून नव्हती, एवढेच. प्रत्यक्ष व्यवहारात, म्हणजे सांकेतिक लेखनासाठी मूळ संख्या शोधताना, आजही जुन्या यादृच्छिक चाचण्याच वापरतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. त्यामुळे या शोधाचे महत्त्व कमी होत नाही.

मराठी वाचकाशी अधिक जवळचा धागा लिपीचा आहे. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, जोडाक्षरांत व्यंजनांचे आकार बदलतात. टंकलेखनयंत्राच्या पद्धतीने प्रत्येक आकाराला एक कळ द्यायची म्हटले तर कळफलक पुरत नाही. कानपूरला आर. एम. के. सिन्हा यांच्या गटाने अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत आणि आकार जुळवण्याचे काम यंत्रावर सोपवावे, हे तत्त्व प्रत्यक्षात आणले आणि १९८३ मध्ये देवनागरी संगणक लोकांसमोर ठेवला. या कामात विद्यार्थी म्हणून सहभागी असलेल्या मोहन तांबे यांच्याबरोबर हे तंत्र १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तिथे जिस्ट या नावाने वाढले. भारतीय लिप्यांच्या इस्की या संकेतप्रणालीचा पाया हाच, आणि युनिकोडमधील देवनागरीची रचना इस्कीवरूनच घेतली गेली. कानपूरच्याच आयआयटीत राजीव संगल आणि विनीत चैतन्य यांनी पाणिनीच्या कारकविचाराचा, म्हणजे क्रियेशी कर्ता, कर्म, करण यांच्या संबंधांचा, उपयोग करून भारतीय भाषांच्या यांत्रिक विश्लेषणाची रीत बसवली, आणि १९९५ मध्ये त्यावरचे पुस्तक 'अक्षर भारती' या सामूहिक नावासह प्रसिद्ध केले. वैयक्तिक श्रेयावर पदोन्नती ठरणाऱ्या क्षेत्रात असे नाव घेणे हे विरळाच म्हणावे लागेल.

विभागाचे सामूहिक जीवन यापेक्षा पुष्कळ साधे असते: एमटेक आणि पीएचडीचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगशाळा सांभाळतात, गृहपाठ तपासतात आणि त्यातूनच शिकवायला शिकतात, चर्चासत्रे होतात, बाहेरचे अभ्यासक येऊन बोलतात. सैद्धान्तिक संगणकशास्त्राची एफएसटीटीसीएस ही वार्षिक परिषद डिसेंबर २००२ मध्ये कानपूरलाच भरली होती.

या चित्रात उणिवाही आहेत. मुलींचे प्रमाण आयआयटींमध्ये इतके कमी होते की २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य, म्हणजे मूळ जागांना धक्का न लावता वाढवलेल्या, जागा निर्माण कराव्या लागल्या. बीटेकनंतर बहुसंख्य विद्यार्थी नोकरीकडे किंवा परदेशी विद्यापीठांकडे वळतात, आणि कयाल व सक्सेना यांच्याप्रमाणे कानपूरलाच पीएचडीला थांबणारे अपवाद ठरतात. सक्सेना पुढे त्याच विभागात प्राध्यापक म्हणून परतले, हे आणखी दुर्मीळ. म्हणून आपल्या पाल्यासाठी एखाद्या संगणकशास्त्र विभागाची निवड करणाऱ्या पालकांनी पॅकेजच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: गेल्या दोन-तीन वर्षांत पदवीच्या विद्यार्थ्यांनी कोणते प्रकल्प केले, आणि त्यांतला एखादा तरी प्रकल्प पुढच्या बॅचने हाती घेतला का.