मोटरमनचे मानसिक स्वास्थ्य आणि उपनगरी रेल्वेची सुरक्षितता

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार प्रामुख्याने रूळ, सिग्नल आणि गर्दी यांच्या अनुषंगाने केला जातो. गाडी चालविणाऱ्या मोटरमनच्या मनःस्थितीची चर्चा त्यात अभावानेच आढळते. पुढील कक्षात तो एकटाच असतो. गार्ड गाडीच्या दुसऱ्या टोकाला. हँडलवरील हाताचा दाब सुटताच ब्रेक आपोआप लागतात. या योजनेस ‘डेड मॅन्स हँडल’ म्हणतात. चालकाची शुद्ध हरपल्यास ती उपयोगी पडते. शुद्धीवर असलेल्या, परंतु आतून खचलेल्या चालकाबाबत मात्र ती काहीच सांगत नाही.

खचण्याची कारणे याच मार्गावर आहेत. दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ही स्थानके अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने येतात आणि रूळ ओलांडणारी माणसे कोठेही आढळतात. २०२३ मध्ये उपनगरी मार्गांवर २,५९० जणांचा मृत्यू झाल्याची आकडेवारी मुंबई उच्च न्यायालयासमोर आली होती. गाडीखाली माणूस आल्यावर बहुधा तोच मोटरमन गाडी पुढे नेतो, कारण मागच्या गाड्या खोळंबलेल्या असतात.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी भायखळा आणि सँडहर्स्ट रोड यांच्या दरम्यान रूळ ओलांडताना मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचाच मृत्यू झाला. लाल सिग्नल ओलांडल्याच्या चौकशीमुळे तो तणावाखाली होता, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. (हा प्रमाद रेल्वेत अत्यंत गंभीर मानला जातो, त्यात नोकरीही जाऊ शकते.) दुसऱ्या दिवशी सहकारी अंत्यविधीस गेले, जादा काम करण्यास त्यांनी नकार दिला आणि अनेक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. वेळापत्रक जादा कामावर किती अवलंबून आहे, हेही त्यानिमित्ताने उघड झाले.

उपजीविका जाण्याची ही भीती विमानवाहतुकीने फार मोठी किंमत मोजून ओळखली. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतात हेतुतः कोसळविले. १५० जण मृत्युमुखी पडले. त्याला रजेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची माहिती कंपनीपर्यंत पोहोचलीच नव्हती. आजार कळविला तर परवाना जाईल, ही भीती फ्रेंच तपास अहवालात ठळकपणे नमूद आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये परिपत्रक काढून वैमानिकांसाठी सहकाऱ्यांमार्फत साहाय्याची व्यवस्था सुचविली. अहमदाबादच्या अपघातानंतर चौथ्या दिवशी, १६ जून २०२५ रोजी, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपण कळविल्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले. त्यांना निदान तसे कळविता आले, ही बाब महत्त्वाची होय.

रेल्वेत निवडीच्या वेळी मानसशास्त्रीय चाचणी होते. ती एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग पाहते. पुढील वीस वर्षांत रुळांवर काय पाहावे लागेल, याची नोंद तिच्यात येऊ शकत नाही. सेवाकाळातील समुपदेशन मुख्यतः लोको निरीक्षकाकडे असते आणि चालकांचे मूल्यमापनही तोच करतो. अपघातानंतर आपल्याला झोप लागत नाही, हे त्याच्यासमोर बोलण्यापूर्वी मोटरमन आपल्या श्रेणीचा विचार करणार, हे उघड आहे.