शिक्क्यातला आकडा गाव सांगत नाही

गैरसमज : लष्करी टपालाच्या शिक्क्यावरचा ‘एफपीओ’ क्रमांक पाहिला की सैनिक कुठे होता ते कळतं.

वस्तुस्थिती : प्रदर्शनांत, लिलावाच्या याद्यांत हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की चीड येते. गावाच्या नावाऐवजी आकडा घातला, तो ठिकाण लपवण्यासाठीच! पत्र शत्रूच्या हाती लागलं तरी फौज कुठे आहे हे कळू नये, हा त्यामागचा हेतू. फील्ड पोस्ट ऑफिस (एफपीओ) एखाद्या ब्रिगेडला किंवा डिव्हिजनला जोडलेलं असे आणि फौज हलली की तेही हले. दुसऱ्या महायुद्धात चौथी भारतीय डिव्हिजन इजिप्त, इरिट्रिया, ट्युनिशिया, इटली, ग्रीस अशी फिरली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढली आणि १९४४ मध्ये इटलीत. याच बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतल्या लढाईसाठी.

म्हणून क्रमांक, तारीख आणि त्या दिवशी ते टपालघर कुठे होतं याची नोंद, हे तिन्ही जुळल्याशिवाय ठिकाण लिहू नये. शंका असेल त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय लष्करी टपालघरांवरचा ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांचा ग्रंथ उघडावा. शिवाय तेच आकडे दोन्ही महायुद्धांत वापरले गेले. तारीख पुसट असेल तर पत्र कोणत्या महायुद्धातलं ते ठरवायला तिकिटावर पाचवा जॉर्ज आहे की सहावा, हे तरी आधी पाहा. अंदाजानं पाकिटावर ‘बर्मा’ लिहिणं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांना ते न लढलेल्या लढाईत उभं करणं आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

‘सेन्सॉरच्या शिक्क्यातला आकडा म्हणजे पलटणीचा नंबर.’ नाही. तो त्या शिक्क्याचा नंबर.

‘सेन्सॉर म्हणजे दूरच्या कचेरीतला बडा साहेब.’ बहुतेक पत्रं आधी पलटणीतलाच अधिकारी तपासत असे.

‘वरच्या कचेरीत प्रत्येक पत्र वाचलं जाई.’ पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांच्या टपालासाठी ई. बी. हॉवेल यांच्या हाताखाली बुलोनला सेन्सॉर कार्यालय होतं. तिथे निवडक पत्रंच वाचली जात. त्यांतले भाषांतरित उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

‘हिरव्या पाकिटाला कुणी हात लावत नसे.’ मजकूर निव्वळ घरगुती आहे अशी सही सैनिक करत असे, म्हणून पलटणीत ते उघडत नसत. पुढे तळावर उघडण्याची मुभा होतीच.

‘तिकीट नाही, म्हणजे कुणीतरी काढून घेतलं.’ आघाडीवरून पुष्कळ पत्रं विनाशुल्क जात.

घरात अशी पत्रं असतील तर पाकीट आणि पत्र वेगळं करू नका. शिक्का पुसट असला तर आतली तारीखच कामी येते.